जुन्या विज्ञानाची इंग्रजी वाचताना

रसायनशास्त्र शिकवण्यात नोकरीची वर्षे गेली. निवृत्तीनंतर जुन्या इंग्रजी विज्ञानग्रंथांतले निवडक भाग मराठीत आणण्याचा नाद लागला, तो अजून सुटलेला नाही. बॉइल, हूक, ब्लॅक, कॅव्हेंडिश, प्रीस्टली ही मंडळी पाठ्यपुस्तकात नाव आणि सन एवढ्यापुरतीच भेटतात. त्यांचे मूळ लिखाण उघडले की ती बोलू लागतात, पण त्यांची भाषा चटकन हाती लागत नाही. फ्लॉजिस्टन, कॅल्क्स, व्हिट्रिऑल, ॲग्यू, ड्रॉप्सी असे शब्द ओळीओळीला आडवे येतात. कोशात अर्थ सापडतो, तरी वाक्य लागत नाही. या शब्दांशी झटताना काही गोष्टी कळत गेल्या. विज्ञान किंवा इंग्रजी शिकवणाऱ्यांना आणि मूळ ग्रंथांपर्यंत जाऊ पाहणाऱ्या कोणालाही त्या उपयोगी पडाव्यात म्हणून लिहिते आहे.

१. आधी अक्षर ओळखा

इंग्रजीत 'एस' हे अक्षर पूर्वी दोन रूपांत छापत. शब्दाच्या शेवटी आजचा वळणदार एस, पण सुरुवातीला आणि मध्ये उंच दांड्याचा एस. हा उंच एस पाहताक्षणी 'एफ' वाटतो. नीट पाहिले की फरक दिसतो: एफची आडवी रेघ दांड्याच्या आरपार जाते, उंच एसची रेघ असलीच तर डावीकडे जेमतेम टेकलेली असते. बॉइलने १६६० साली हवेच्या पंपावरचे प्रयोग छापले. त्यात काचेच्या भांड्यात घड्याळ टांगून, हवा काढत गेल्यावर त्याचा आवाज कसा क्षीण होतो ते सांगितले आहे. ते वाचताना 'साउंड'च्या जागी 'फाउंड' दिसते आणि वाक्याचा अर्थच बदलतो. १८०० च्या सुमारास ही रीत छापखान्यांतून गेली. आज संगणकावर जुन्या पुस्तकांच्या प्रती मिळतात, पण संगणकही उंच एसला पुष्कळदा एफ समजतो. म्हणून शब्द शोधताना दोन्ही अक्षरे घालून पाहावीत.

२. ओळखीचा वाटणारा शब्द आधी तपासा

अनोळखी शब्दापाशी आपण आपोआप थांबतो आणि कोश काढतो. धोका असतो तो रोजच्या वापरातल्या, अर्थ बदललेल्या शब्दांचा.

बॉइल आपल्या पंपाला 'न्यूमॅटिकल एंजिन' म्हणतो. वर्गात हे वाचले की मुलांच्या डोळ्यांपुढे वाफेचे इंजिन उभे राहते. न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन १७१२ चे. बॉइलचा पंप त्याच्या अर्धशतक आधीचा, रॉबर्ट हूकने घडवून दिलेला, हाताने दट्ट्या ओढायचा. त्या काळी 'एंजिन' म्हणजे युक्तीने केलेले कोणतेही साधन. लॅटिनमधला 'इंजेनियम', म्हणजे उपजत बुद्धी, हे त्याचे मूळ. मराठीत 'यंत्र' हा शब्द तिथे चपखल बसतो.

'क्युरियस' हा दुसरा. आज त्याचा अर्थ जिज्ञासू किंवा विचित्र. सतराव्या शतकातले 'क्युरियस' उपकरण म्हणजे निगुतीने, बारकाईने घडवलेले उपकरण. लॅटिन 'क्यूरा' म्हणजे काळजी. 'नाइस' प्रयोग म्हणजे छान प्रयोग नव्हे, तर ज्यात सूक्ष्म फरक पकडावा लागतो असा नाजूक प्रयोग. सूक्ष्मदर्शक एखादी गोष्ट 'डिस्कव्हर' करतो, म्हणजे तिच्यावरचा पडदा दूर करून ती दाखवतो. 'इन्सेक्ट'मध्ये कोळी, गांडूळ, गोगलगाय सगळे येत. 'वाँट' म्हणजे उणीव: मेणबत्ती 'वाँट ऑफ एअर'ने विझली, म्हणजे हवा संपल्यामुळे विझली. 'प्रेझेंटली' म्हणजे ताबडतोब, आजच्यासारखे 'थोड्या वेळाने' नव्हे. प्रयोगाच्या वर्णनात या शेवटच्या शब्दाचे फार महत्त्व आहे. उंदीर बंद भांड्यात ताबडतोब गळाठला की काही वेळाने, यावर सगळा निष्कर्ष अवलंबून असतो.

'सेन्सिबल' हा शब्द मला फार आवडतो. आज समंजस माणसाला तो लावतात. जोसेफ ब्लॅकच्या काळी त्याचा अर्थ होता इंद्रियांना जाणवणारे. ब्लॅकने अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात ग्लासगोला दाखवले की बर्फ वितळत असताना त्याला उष्णता मिळत राहते, पण तापमापीचा पारा हलत नाही. ही उष्णता कुठेतरी दडून बसते. म्हणून जाणवणारी ती 'सेन्सिबल' आणि दडलेली ती 'लेटंट'. मराठी पाठ्यपुस्तकात 'अप्रकट उष्मा' आहे, तो हाच. वातानुकूलन यंत्रणा बसवणारे अभियंते आजही 'सेन्सिबल हीट' म्हणतात. जुना अर्थ तिथे टिकून आहे.

३. शब्द त्याच्या सनासकट वाचा

'मीटिऑर' म्हणजे उल्का, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक. मग हवामानशास्त्राला 'मीटिऑरॉलॉजी' का म्हणतात? ग्रीक 'मेटेऑरॉन' म्हणजे उंचावर असलेले. ॲरिस्टॉटलपासून अठराव्या शतकापर्यंत आकाशात, चंद्राच्या खाली, घडणारे सगळे काही मीटिऑर होते. वारा हा वायुरूप मीटिऑर, पाऊस-गारा-दव हे जलरूप, इंद्रधनुष्य हे प्रकाशमय आणि वीज, तुटणारा तारा हे अग्निमय. देकार्तने १६३७ साली या विषयावर लिहिलेल्या निबंधात इंद्रधनुष्याचे गणित आहे, ते त्यामुळेच. तुटणारा तारा म्हणजे हवेत पेटलेली वाफ, असा समज होता. जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनीने १७९४ साली आकाशातून पडणारे दगड अंतराळातून येतात असे मांडले. १८०३ साली फ्रान्समध्ये लेग्ल गावी दगडांचा वर्षाव झाला, फ्रेंच शास्त्रज्ञ बिओने त्याची जागेवर जाऊन चौकशी केली आणि विद्वानांना ते पटले. त्यानंतर हा शब्द आकसत उल्केपुरता उरला, शास्त्राचे नाव मात्र जुन्या अर्थाचेच राहिले. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. तिथल्या शास्त्रज्ञांच्या परिभाषेत पाऊस आणि गारा अजून 'हायड्रोमीटिऑर'च आहेत.

इंग्रजी 'अर्थ' (earth) या शब्दाचेही तसेच. जुन्या रसायनात 'अर्थ' म्हणजे पाण्यात न विरघळणारी, तापवूनही न बदलणारी पांढरी-करडी भुकटी: चुना, मॅग्नेशिया, ॲल्युमिना. १७९४ साली गादोलिन या रसायनशास्त्रज्ञाने स्वीडनमधल्या इटरबी गावच्या खनिजातून अशीच एक नवी भुकटी वेगळी काढली आणि ती विरळा, म्हणून 'रेअर अर्थ'. हल्ली वर्तमानपत्रांत रोज 'दुर्मिळ मृदा' वाचायला मिळते. ती मृदा नव्हे, धातूंची ऑक्साइडे आहेत, आणि त्यांतली काही तर पृथ्वीच्या कवचात शिशापेक्षा मुबलक आहेत. आजच्या बातमीतला शब्द समजायलाही सव्वादोनशे वर्षे मागे जावे लागते.

आणि खुद्द 'सायंटिस्ट' हा शब्द! तो विल्यम ह्युएलने १८३३ साली केंब्रिजच्या एका सभेत सुचवला आणि पुढच्या वर्षी मेरी सॉमरव्हिल यांच्या ग्रंथाच्या परीक्षणात तो छापला गेला. न्यूटनने तो कधी ऐकला नाही. तो स्वतःला 'नॅचरल फिलॉसॉफर' समजत असे. अनुवाद करताना न्यूटनच्या तोंडी 'वैज्ञानिक' घालायचे नाही, हे मी कटाक्षाने पाळते. तिथे 'निसर्गतत्त्वज्ञ' हवा. ते अवघड वाटले तरी वाचकाला कळले पाहिजे की त्या माणसाच्या डोक्यात तत्त्वज्ञान आणि प्रयोग यांच्यामध्ये भिंत नव्हती.

४. खोट्या ठरलेल्या सिद्धांताचा शब्द त्या सिद्धांताच्या आत शिरून वाचा

'फ्लॉजिस्टन'वर पाठ्यपुस्तक एक ओळ खर्च करते: ही चुकीची कल्पना होती, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने ती खोडली. एवढ्याने प्रीस्टलीचे एकही पान वाचता येत नाही.

जर्मन वैद्य श्टाल याने अठराव्या शतकाच्या आरंभी हा शब्द रूढ केला. ग्रीकमधल्या 'जाळणे' या अर्थाच्या धातूपासून. कल्पना अशी: जे जे जळते त्यात फ्लॉजिस्टन असते आणि जळताना ते बाहेर पडते. धातू तापवला की फ्लॉजिस्टन निघून जाते आणि मागे उरते ती 'कॅल्क्स'. कोळशात फ्लॉजिस्टन ठासून भरलेले. म्हणून कॅल्क्स कोळशाबरोबर तापवली की ते परत मिळते आणि धातू पुन्हा तयार होतो. लोहाराची भट्टी, गंजणे, जळणे, श्वास घेणे या सगळ्यांना एका सूत्रात बांधणारा हा पहिला विचार होता. आजच्या भाषेत सांगायचे तर फ्लॉजिस्टन बाहेर पडले म्हणजे ऑक्सिजन आत आला. चिन्ह उलटे आहे, पण गणित पुष्कळसे जुळते.

हे एकदा लक्षात घेतले की बाकीचे शब्द धडाधड उलगडतात. बंद भांड्यात मेणबत्ती विझते, कारण आतली हवा फ्लॉजिस्टनने भरून गेली, आणखी घेण्याची ताकद तिच्यात उरली नाही. ही 'फ्लॉजिस्टिकेटेड एअर', म्हणजे आपला नायट्रोजन. १ ऑगस्ट १७७४ रोजी प्रीस्टलीने इंग्लंडमधल्या बोवुड हाउस इथे बारा इंची भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याची तांबडी कॅल्क्स तापवली. जो वायू निघाला त्यात मेणबत्ती कमालीची भडकून जळली. म्हणजे या हवेत फ्लॉजिस्टन अजिबात नाही, ती ते अधाशासारखे ओढून घेते. म्हणून 'डीफ्लॉजिस्टिकेटेड एअर'. नाव लांबलचक आहे, पण प्रीस्टलीच्या जागी उभे राहून पाहिले तर अगदी तर्कशुद्ध. शेले नावाच्या औषधविक्याने स्वीडनमध्ये तोच वायू त्याच्याआधी मिळवला होता, पण छापले १७७७ साली. त्याने त्याला 'अग्निवायू' या अर्थाचे नाव दिले होते.

लाव्हाझिएने दिलेले 'ऑक्सिजन' हे नाव तरी बरोबर आहे का? ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'आम्ल जन्माला घालणारा'. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी त्याची खात्री होती. १८१० साली हम्फ्री डेव्हीने दाखवले की मिठापासून होणाऱ्या आम्लात ऑक्सिजनचा कणही नाही. सिद्धांत पडला, नाव राहिले. म्हणजे फ्लॉजिस्टन हा चुकीचा शब्द मेला आणि ऑक्सिजन हा चुकीचा शब्द जगला. वर्गात या दोन गोष्टी मी नेहमी शेजारी-शेजारी ठेवत असे.

'कॅल्क्स'साठी मराठीत काय घ्यावे यावर मी बराच विचार केला. 'धातूचे ऑक्साइड' लिहिले तर लाव्हाझिएचा निष्कर्ष श्टालच्या तोंडी घातल्यासारखे होते. आपल्याकडे आयुर्वेदातला 'भस्म' आहे: लोहभस्म, ताम्रभस्म. धातू तापवून उरलेली भुकटी, तिच्यात काय मिसळले वा काय गेले याबद्दल काहीही न बोलणारा शब्द. मी तोच वापरते.

'फिक्स्ड एअर' हेही सांगितले पाहिजे. ब्लॅकने १७५६ साली छापलेल्या प्रयोगांत मॅग्नेशिया आणि चुनखडी तापवून एक वायू मिळवला. इतका वेळ तो दगडात जखडलेला होता, म्हणून 'फिक्स्ड'. आजचा कार्बन डायऑक्साइड. मुलांना मी म्हणायची, नाव पाठ करू नका, खडूच्या तुकड्यावर लिंबू पिळा आणि बुडबुडे पाहा. मात्र खडू खऱ्या चुनखडीचा हवा, फळ्याचा प्लॅस्टरचा खडू चालत नाही.

५. कारागिराला विचारा

जुन्या रसायनाचे निम्मे शब्द प्रयोगशाळेत जन्मलेले नाहीत. ते सोनार, रंगारी, कासार, कातडी कमावणारे यांच्या कामातून आले. त्यांचा अर्थ पाहायचा असेल तर ती कामे पाहावीत.

'सॅल अमोनियॅक' हा शब्द प्रथम वाचनात आला तेव्हा कोशात अमोनियम क्लोराइड असे मिळाले. पण तो मला समजला आमच्या गल्लीत कल्हईवाल्यासमोर बसल्यावर. भाते चालवून भांडे तापवायचे, त्यात कथलाची कांडी टेकवायची, पांढऱ्या पुडीतला नवसागर भुरभुरायचा आणि कापसाच्या बोळ्याने सरसर फिरवायचे. नवसागर पडताच पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि नाकात झिणझिण्या येतात. तापल्यावर नवसागराचे दोन वायू होतात, वर थंड हवेत ते पुन्हा एकत्र येऊन पांढरा धूर होतो, आणि मधल्या वेळात तांब्या-पितळेवरचा ऑक्साइडचा थर निघून कथील धरते. जुन्या ग्रंथांत या पदार्थाला 'उडून जाणारा क्षार' अशा अर्थाने ओळखतात, ते डोळ्यांनी दिसले. नाव आले इजिप्शियन देव आमोन याच्या प्राचीन लिबियातल्या (आजच्या इजिप्तमधल्या) देवळावरून, आणि अमोनिया हे वायूचे नाव पुढे त्यातूनच निघाले.

'ॲक्वा फोर्टिस', म्हणजे जहाल पाणी, हे नायट्रिक आम्ल. सराफाच्या दुकानात काळ्या कसोटीवर दागिना घासून त्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडतात. हलका धातू विरघळतो, सोन्याची रेघ तशीच राहते. चांदी विरघळते आणि सोने विरघळत नाही, म्हणून सोन्या-चांदीची फारकत करायला युरोपातले सोनारही शतकानुशतके हेच वापरत. इंग्रजीतला 'ॲसिड टेस्ट' हा वाक्प्रचार तिथला. सोन्यालाही विरघळवणारे मिश्रण ते 'ॲक्वा रेजिया', राजेशाही पाणी, मराठीत अम्लराज.

'व्हिट्रिऑल' हा लॅटिन 'व्हिट्रम'पासून, म्हणजे काच. मोरचुदाचा निळा खडा उजेडात धरा, नाव का पडले ते सांगावे लागणार नाही. मोरचूद हे निळे व्हिट्रिऑल, हिराकस हे हिरवे. हिराकस भट्टीत तापवून जे दाट, तेलकट आम्ल मिळे ते 'ऑइल ऑफ व्हिट्रिऑल', म्हणजे सल्फ्युरिक आम्ल. ते तेल मुळीच नाही, पण ओतताना तेलासारखेच संथ वाहते. जिव्हारी लागणाऱ्या बोलण्याला इंग्रजीत 'व्हिट्रिऑलिक' म्हणतात ते या आम्लामुळे.

'क्विकसिल्व्हर' आणि 'क्विकलाइम' यांतला 'क्विक' म्हणजे जलद नव्हे, जिवंत. पारा ही जिवंत चांदी. कळीचा चुना पाण्यात टाकला की फसफसतो, तापतो, म्हणून तोही जिवंत. आणि विरवलेला चुना तो 'स्लेक्ड', म्हणजे तहान भागलेला. आपण 'जिवंत झरा' म्हणतो त्यात हीच दृष्टी आहे.

६. रोगाच्या जुन्या नावाला आजचे निदान चिकटवू नका

'ड्रॉप्सी' म्हणजे शरीरात पाणी साठून आलेली सूज. अनुवादक सहज 'जलोदर' लिहून जातात, पण जलोदर पोटाचा. ड्रॉप्सीत पाय, पोट, छाती काहीही सुजे, आणि कारण हृदयाचे, मूत्रपिंडाचे वा यकृताचे असू शके. हे न समजल्यास विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याचे १७८५ चे पुस्तक कळत नाही. श्रॉपशरमधल्या एका वृद्धेच्या घरगुती औषधाची माहिती त्याच्याकडे आली, त्यातल्या वीसेक वनस्पतींमधून त्याने फॉक्सग्लोव्ह नेमकी हेरली आणि ड्रॉप्सीच्या रोग्यांना दिली. काहींची सूज झपाट्याने उतरली, काहींना काडीचाही गुण आला नाही. दोन्ही त्याने प्रामाणिकपणे नोंदवले. आज कारण उघड आहे: ज्यांची सूज हृदयाची होती त्यांना गुण आला. एका नावाखाली अनेक रोग राहत होते. अनुवादात मी 'ड्रॉप्सी, म्हणजे पाणी साठून आलेली सूज' असे एकदा लिहून पुढे ड्रॉप्सीच ठेवते.

'ॲग्यू' मात्र मराठीत सुखाने येतो. थंडी वाजून येणारा ताप, तो आपला हिवताप. एक दिवसाआड येणाऱ्या तापाला इंग्रजीत 'टर्शियन', म्हणजे तिसऱ्या दिवसाचा म्हणतात. पहिला दिवस धरून मोजल्यामुळे. आयुर्वेद त्यालाच 'तृतीयक' म्हणतो, मोजणीही तीच. दोन दिवसांआडचा तो 'क्वार्टन' आणि आपला 'चातुर्थिक'.

जॉन ग्रॉन्टने १६६२ साली लंडनच्या मृत्युनोंदींवरून पुस्तक लिहिले आणि लोकसंख्याशास्त्राचा पाया घातला. त्या नोंदींत मृत्यूचे कारण म्हणून 'टीथ', म्हणजे दात, असे येते: दात येण्याच्या वयात दगावलेली बाळे. 'रायझिंग ऑफ द लाइट्स' येते. यातल्या 'लाइट्स'चा उजेडाशी संबंध नाही. वजनाने हलकी म्हणून फुप्फुसांना ते नाव होते. प्रेत पाहून कारण सांगण्याचे काम पॅरिशमधल्या गरीब वृद्ध बायका करीत. त्यांना जे दिसे ते त्यांनी सांगितले. अशा नोंदीला आजच्या रोगाचे नाव द्यायचा मोह मी आवरते.

'किंग्ज ईव्हिल' म्हणजे गंडमाळा. राजाच्या स्पर्शाने ती बरी होते अशी श्रद्धा होती. छोट्या सॅम्युएल जॉन्सनला १७१२ साली याचसाठी राणी ॲनकडे नेले होते. तोच पुढे इंग्रजीचा थोर कोशकार झाला.

७. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, आणि सुंदर व्युत्पत्ती तर दोनदा तपासावी

'कॅलोमेल'चा ग्रीक अर्थ 'सुंदर काळे', आणि पदार्थ पांढराशुभ्र. 'मलेरिया' म्हणजे वाईट हवा. रोनाल्ड रॉसने १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात जंतू पाहिले तरी नाव तेच. 'इन्फ्लुएन्झा' म्हणजे ग्रहताऱ्यांचा प्रभाव. व्युत्पत्ती नाव ठेवणाऱ्याच्या मनातले सांगते, वस्तूबद्दल सांगेलच असे नाही.

काही जन्मकथा मात्र खऱ्या आहेत. 'गॅस' हा शब्द बेल्जियन वैद्य व्हॅन हेल्मॉन्ट याने ग्रीक 'केऑस'वरून घडवला. त्यानेच ताऱ्यांच्या प्रभावासाठी 'ब्लास' हाही शब्द काढला होता. गॅस घराघरांत पोचला, ब्लास कोणाला आठवत नाही.

याउलट सिंकोना, हिवतापावर जिची साल देत त्या झाडाचे नाव. पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, या सालीने हिवतापातून उठली आणि तिने ती युरोपात आणली, ही कथा अजूनही पुस्तकांत छापली जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने तिच्या नावावरून झाडाला नाव दिले हे खरे, त्यातला एक 'एच' त्याच्याकडून गळला हेही खरे. काउंटेस बरी झाल्याची कथा मात्र इतिहासकारांनी कागदपत्रांच्या आधारे खोडली आहे.

८. संस्कृत-मराठीचा हात धरा

जुन्या इंग्रजीत 'डिअर' म्हणजे कोणताही पशू. जर्मन 'टीअर' आजही तोच अर्थ देतो. पुढे ज्याची सर्वाधिक शिकार होई त्या हरणापुरता तो उरला. संस्कृतातला 'मृग' याच वाटेने गेला. म्हणून सिंह मृगराज, वानर शाखामृग, शिकार ती मृगया, आणि मराठीत मृग म्हणजे हरिण. इंग्रजी शब्द समजावताना मला एवढा जवळचा दाखला दुसरा मिळालेला नाही.

'इलेक्ट्रिसिटी' हा शब्द टॉमस ब्राउन याच्या १६४६ च्या ग्रंथात येतो. मूळ ग्रीक 'एलेक्ट्रॉन', म्हणजे अंबर, ज्याला घासले की काडीकचरा चिकटतो. संस्कृतात अंबराला 'तृणमणी' म्हणतात. फारसीत 'कहरुबा', म्हणजे गवत पळवणारा, आणि अरबीत त्यावरूनच विजेला 'कहरबा' म्हणतात. तिन्हीकडे लोकांनी एकच घटना पाहून नावे ठेवली.

९. ज्या काळचे पुस्तक, त्या काळचा कोश

आजच्या खिशातल्या कोशाने हे काम होत नाही. अठराव्या शतकासाठी जॉन्सनचा १७५५ चा कोश जवळ ठेवावा. शब्दाचा जन्म आणि प्रवास पाहायचा तर ऑक्सफर्डचा मोठा कोश. त्यात वापरातून गेलेल्या शब्दाआधी छोट्या कट्यारीची खूण असते आणि प्रत्येक अर्थाला सनवार उदाहरणे असतात. मराठीसाठी मोल्सवर्थ. १८३१ साली पहिल्यांदा निघालेल्या आणि १८५७ साली वाढवलेल्या या कोशाकडे आपण मराठी शब्दांसाठी वळतो, पण त्याची इंग्रजी बाजूही त्याच काळची आहे. त्यामुळे जुन्या इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधताना मी तो उलट्या दिशेने वाचते, आणि खनिजे, औषधे, रोग यांच्याबाबतीत तो क्वचितच रिकाम्या हाताने पाठवतो.

शिवाय स्वतःची एक वही ठेवा: शब्द, लेखक, सन, त्या वाक्यात असलेला अर्थ आणि तुम्ही योजलेला मराठी शब्द. सन लिहायला विसरू नका. 'एअर' १६६० मध्ये एक आहे आणि १७८० मध्ये अनेक.

सुरुवात करायची असेल तर हूकच्या १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया'तले अठरावे निरीक्षण घ्या. ते बुचाच्या पातळ कापाबद्दल आहे. शीर्षकातच 'स्कीमॅटिझम' हा विज्ञानातून आता लोपलेला शब्द भेटेल. त्याचा अर्थ रचना, घडण. मग 'सेल' भेटेल, मधमाश्यांच्या पोळ्यातल्या कप्प्यांच्या आठवणीने वापरलेला. एका घन इंचात असे सव्वाशे कोटींहून अधिक कप्पे असतील, हा हूकचा हिशेबही तिथेच आहे. मजकूर मोजक्या पानांचा आहे आणि मूळ छापील प्रतीची चित्रे इंटरनेटवर फुकट मिळतात. शिक्षकांनी ही पाने नववी-दहावीच्या वर्गात मुलांसमोर ठेवावीत, शक्य तर सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप लावून.